झेल का सुटतो?

नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत हरसूल हे बाजाराचे गाव आहे. भाताची कापणी उरकली, नागली घरात आली की अशा गावांतून रिकाम्या खाचरांत आणि शाळेच्या मैदानांत क्रिकेट सुरू होते. फळीची बॅट, टेनिसचा चेंडू आणि दगडांच्या यष्ट्या एवढी सामग्री पुरते. अशा सामन्यात एखाद्याच्या हातून सोपा झेल सुटला, की चहूकडून एकच ओरड होते : “लक्ष कुठे होतं तुझं?” पुढच्या षटकापासून त्या मुलाची रवानगी दूर बांधावर होते. तिकडे चेंडू क्वचितच जातो. त्यामुळे झेल घेण्याचा सराव त्याला मिळतच नाही, आणि पुढचा झेलही सुटण्याची तजवीज होऊन जाते.

पण विद्यार्थिमित्रांनो, झेल सुटतो तो खरोखर लक्ष नसल्यामुळेच का? तसे असते, तर जगातल्या नामांकित खेळाडूंच्या हातून झेल सुटलेच नसते. कसोटी सामन्यांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांना आढळले आहे, की क्षेत्ररक्षकांना मिळणाऱ्या चार संधींपैकी साधारण एक वाया जाते. हे तर वर्षानुवर्षे रोज सराव करणारे खेळाडू! तेव्हा या प्रश्नाकडे रागावून नव्हे, तर विज्ञानाच्या नजरेने पाहू या.

एक झेल, २९७ धावा

२६ जुलै १९९० रोजी लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यातला कसोटी सामना सुरू झाला. इंग्लंडचा कर्णधार ग्रॅहॅम गूच ३६ धावांवर होता. संजीव शर्मा यांचा चेंडू त्याच्या बॅटीची कड घेऊन मागे गेला आणि यष्टिरक्षक किरण मोरे यांच्या हातून झेल सुटला. मराठीत अशा प्रसंगाला ‘जीवदान’ हा फार नेमका शब्द आहे. जीवदान मिळालेला गूच बाद झाला तो ३३३ धावांवर. म्हणजे त्या एका झेलानंतर त्याने आणखी २९७ धावा काढल्या. दुसऱ्या डावातही त्याने १२३ धावा केल्या आणि भारत हा सामना २४७ धावांनी हरला.

हे किरण मोरे म्हणजे कोणी कच्चे यष्टिरक्षक नव्हेत. बडोद्याच्या या खेळाडूने ४९ कसोटींत ११० झेल घेतले आणि २० फलंदाजांना यष्टिचीत केले. १९८८ च्या जानेवारीत मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत सहा जणांना यष्टिचीत करून विक्रम केला होता. इतक्या चपळ हातांतून झेल निसटू शकतो, तर त्यामागे काही कारणे असलीच पाहिजेत. ती एकेक करून पाहू.

सेकंदाचा पाचवा हिस्सा

चेंडू बॅटीला लागला, हे आपल्याला त्याच क्षणी कळते असे वाटते. पण तसे नसते. चेंडूवरून आलेला प्रकाश डोळ्यातल्या पडद्यावर पडतो. तेथून संदेश मेंदूकडे जातो. मेंदू त्याचा अर्थ लावतो, आज्ञा सोडतो, ती मज्जारज्जूतून हाताच्या स्नायूंपर्यंत पोहोचते आणि मग कोठे हात हलू लागतो. या सगळ्याला निरोगी माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. याला प्रतिक्रिया-काल म्हणतात.

आता यष्टिरक्षकाचा हिशेब मांडू. मध्यमगती गोलंदाजीसाठी तो यष्ट्यांच्या मागे, समजा, १२ मीटरवर उभा आहे आणि कड लागलेला चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने येतो आहे. चेंडू त्याच्यापर्यंत येण्यास ०.४ सेकंद लागतील. त्यातले ०.२ सेकंद प्रतिक्रियेत गेले. उरले ०.२ सेकंद. बॅटीची कड लागून चेंडूची दिशा फक्त ५ अंशांनी बदलली असे धरा. १२ मीटरवर हा फरक जवळजवळ एक मीटर होतो. (त्रिकोणमिती शिकलेल्यांनी १२ ला ५ अंशांच्या टॅनने गुणून पाहावे.) म्हणजे पापणी लवेपर्यंतच्या वेळात हातमोजे एक मीटर बाजूला नेऊन, तेथे स्थिर करून, वेळेवर मिटायचे! टीव्हीवर सोपा वाटणारा झेल प्रत्यक्षात असा असतो.

फिरकी गोलंदाजाला पहिल्या स्लिपमध्ये उभा असलेला खेळाडू तर आणखी जवळ असतो. २० फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईत भारत-बांगलादेश सामन्यात अक्षर पटेलने लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन बळी घेतले होते. तिसऱ्या चेंडूवर जाकेर अलीच्या बॅटीची कड लागली आणि चेंडू स्लिपमध्ये कर्णधार रोहित शर्माकडे आला. नागपुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या या अनुभवी खेळाडूच्या हातून तो सुटला, आणि अक्षरची हॅट-ट्रिक हुकली. रोहितने रागाने जमिनीवर हात आपटले. चेंडू ४ मीटरवरून सेकंदाला २० मीटर वेगाने आला असे धरले, तर मिळणारा वेळ होतो ०.२ सेकंद, म्हणजे नेमका प्रतिक्रिया-कालाएवढाच. कड लागल्याचे पाहून मग हात हलवू म्हटले, तर वेळ संपलेला असतो.

मग एकनाथ सोलकर काय करत होते?

येथे एक शंका तुमच्या मनात आली असेल. एकनाथ सोलकर तर शॉर्ट लेगला, फलंदाजापासून अवघ्या दोन-तीन मीटरवर, डोक्यावर शिरस्त्राण न घालता उभे राहत. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याच्या या मुलाने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. हे प्रमाण दर कसोटीला जवळजवळ दोन झेल असे पडते. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलच्या मैदानावर, पहिल्या डावात ९० धावा काढणाऱ्या ॲलन नॉटला दुसऱ्या डावात एका धावेवर परत पाठवले ते वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर सोलकरांनी घेतलेल्या झेलाने. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी जिंकली. प्रतिक्रिया-काल सोलकरांनाही होताच. मग हे जमले कसे?

उत्तर असे, की असे क्षेत्ररक्षक चेंडू बॅटीला लागण्याची वाट पाहत नाहीत. गोलंदाजाचा हात, चेंडूचा टप्पा, फलंदाजाचा पुढे येणारा पाय, बॅटीचा कोन या सर्व खुणा त्यांना झेल उडण्याआधीच दिसतात. हजारो चेंडू पाहून तयार झालेला मेंदू त्यांवरून अंदाज बांधतो आणि शरीर आधीच योग्य दिशेला झुकते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेल्या अजिंक्य रहाणेने ऑगस्ट २०१५ मध्ये गॉलच्या कसोटीत आठ झेल घेऊन यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंचा जागतिक विक्रम केला, त्यामागेही ही पूर्वसूचना ओळखण्याची कला होतीच. मात्र अंदाज हा अखेर अंदाजच. तो कधी तरी चुकणार. आणि चुकला, की दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो. हाताशी येण्यापूर्वीच्या शेवटच्या दीड-दोन दशांश सेकंदांत चेंडू वळला, तर ते डोळ्यांना दिसले तरी हातांना फारसे उपयोगी पडत नाही.

हात मागे का घ्यायचा?

समजा, हात वेळेवर पोहोचला. तरी झेल सुटतोच कसा? याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने आला, तर त्याची गतिज ऊर्जा ७२ ज्यूल होते. चेंडू थांबवायचा म्हणजे ही ऊर्जा हाताने शोषून घ्यायची. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. हात ताठ ठेवून चेंडू ५ सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर सरासरी बल १,४४० न्यूटन होते. म्हणजे सुमारे १४७ किलोग्रॅम वजनाचा भार! तोच हात चेंडूबरोबर ३० सेंटिमीटर मागे नेला, तर बल २४० न्यूटनांवर, म्हणजे साधारण २४ किलोग्रॅमच्या भारावर येते.

ताठ तळहातावर चेंडू आदळतो तेव्हा दुखते एवढेच नाही, तर तो उसळी घेऊन बाहेर पडतो. आणि बोटे मिटायलाही वेळ हवाच. मागे जाणारा हात चेंडूचा सापेक्ष वेग कमी करतो, उसळी कमी करतो आणि बोटांना तो वेळ मिळवून देतो. हरसूलच्या मुलांना टेनिसच्या चेंडूची सवय असते. तो सुमारे ५८ ग्रॅमचा, हलका असतो, त्यामुळे हाताला लागत नाही. पण रबराचा असल्याने उसळी मात्र जास्त घेतो. म्हणून त्यालाही मऊ हातच हवेत. हिवाळ्यातल्या सकाळी बोटे गारठली, की मज्जातंतूंतून संदेश सावकाश जातात आणि स्नायूही मंदावतात. खेळापूर्वी हात चोळून ऊब आणावी, ती याचसाठी.

पहिल्या स्पर्शात चेंडूचा बराचसा वेग शोषला गेला, तर सुटलेला झेलही पुन्हा पकडता येतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. शतक झळकावून उभी असलेली दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुलव्हार्ट हिने चेंडू उंच टोलवला. अमनजोत कौर धावत आली. चेंडू हातातून निसटला, दुसऱ्यांदाही निसटला, आणि तिसऱ्या प्रयत्नात तिने तो पकडला! निसटतानाही चेंडू जवळच उडाला, कारण त्याचा जोर पहिल्या दोन स्पर्शांत संपत आला होता. भारताने तो सामना ५२ धावांनी जिंकला.

उंच उडालेला झेल

उंच झेलात वेळ भरपूर असतो, मग तो का सुटावा? सेकंदाला २५ मीटर वेगाने सरळ वर गेलेला चेंडू, हवेचा विरोध सोडून दिला तर, सुमारे ३२ मीटर उंच जातो आणि ५.१ सेकंदांनी खाली येतो. येथे प्रश्न वेळेचा नसून जागेचा आहे : चेंडू पडणार कोठे?

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ सेव्हिल चॅपमन यांनी १९६८ मध्ये बेसबॉलच्या संदर्भात याचे सुंदर उत्तर दिले. तुम्ही चेंडू पडण्याच्या जागीच उभे आहात असे समजा. चेंडूचा एकूण उड्डाणकाल ट, उडाल्यापासून झालेला वेळ क, आडवा वेग व आणि गुरुत्वीय त्वरण ग मानू. मग

चेंडूची उंची = ½ × ग × क × (ट − क)
चेंडूचे तुमच्यापासूनचे आडवे अंतर = व × (ट − क)

उंचीला अंतराने भागा. (ट − क) उडून जाते आणि उरते ग × क ÷ २व. हा भागाकार म्हणजे तुमच्या नजरेच्या चढाच्या कोनाचा टॅन. आणि तो वेळेच्या प्रमाणात, एकसारख्या दराने वाढतो! म्हणजे चेंडू नजरेत एकसारखा चढत असेल, तर जागा सोडू नका. अधिकाधिक भरभर चढत असेल, तर तो डोक्यावरून जाणार, मागे पळा. चढण्याचा वेग मंदावत असेल, तर पुढे धावा. १९९० च्या दशकात मॅक्लाउड आणि डीन्स या संशोधकांनी झेलासाठी धावणाऱ्यांचे चित्रण करून पाहिले, तेव्हा ती माणसे याच रीतीने आपला वेग कमी-जास्त करत असल्याचे दिसले. गंमत अशी, की हे समीकरण त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. ज्या लॉर्ड्‌स कसोटीत मोरे यांच्या हातून झेल सुटला, त्याच कसोटीत सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने ॲलन लॅम्बचा उंच फटका लांबवर धावत जाऊन एका हाताने टिपला. त्याच्याही मेंदूने धावता धावता अशीच काहीतरी आकडेमोड केली असणार.

पण चेंडू जवळजवळ सरळ वर गेला, की ही युक्ती लंगडी पडते. आडवे अंतर फार थोडे असल्याने नजर लगेच डोक्यावर, आकाशाकडे वळते आणि कोनाच्या बदलावरून दिशा कळेनाशी होते. शिवाय बॅटीच्या कडेने चेंडूला जोराची फिरकी मिळालेली असते. त्यामुळे तो वर जाताना एका बाजूला आणि खाली येताना दुसऱ्या बाजूला सरकू शकतो. यष्टिरक्षकांचे असे झेल म्हणूनच अवघड. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच नवी मुंबईच्या मैदानावर उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जचा असा उंच झेल ऑस्ट्रेलियाची निष्णात यष्टिरक्षक ॲलिसा हीली हिच्या हातून सुटला. जेमिमा तेव्हा ८२ धावांवर होती. ती नाबाद १२७ पर्यंत गेली आणि भारताने ३३९ धावांचे लक्ष्य गाठले.

हातात आला म्हणजे झेल झाला?

१३ जून १९९९ रोजी हेडिंग्लेच्या मैदानावर ५६ धावांवर खेळणाऱ्या स्टीव्ह वॉचा सोपा झेल दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जच्या हातात आला. आनंदाने चेंडू वर फेकण्याच्या घाईत तो त्याच्या हातून खाली पडला. चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर क्षेत्ररक्षकाचा पूर्ण ताबा आल्याशिवाय झेल पुरा होत नाही, असा नियम आहे. वॉने नाबाद १२० धावा करून सामना जिंकून दिला. चार दिवसांनी याच दोन संघांतला उपांत्य सामना बरोबरीत सुटला, ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेली आणि विश्वचषकही तिने जिंकला. या झेलात दोष प्रतिक्रिया-कालाचा नव्हता, संवेगाचाही नव्हता. काम पुरे होण्याआधीच लक्ष पुढच्या कामाकडे गेले, एवढेच.

आठवणीतले झेल आणि खरा हिशेब

आता थोडे गणित तर्कशास्त्राचे. ३० मार्च २०११ रोजी मोहालीत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पाकिस्तानने सचिन तेंडुलकरला २७, ४५, ७० आणि ८१ या धावसंख्यांवर चार जीवदाने दिली. सचिनने ८५ धावा केल्या आणि भारत २९ धावांनी जिंकला. पहिला झेल सुटल्यावर सचिनने ५८ धावा काढल्या. ५८ हे २९ पेक्षा जास्त. म्हणून तो झेल घेतला असता तर पाकिस्तान जिंकले असते. हा निष्कर्ष बरोबर आहे का?

नाही. सचिन बाद झाला असता, तर त्याच्या जागी आलेल्या फलंदाजाने शून्य धावा केल्या असत्या असे या हिशेबात गृहीत धरले आहे. त्याने किती केल्या असत्या, हे कोणालाच सांगता येणार नाही. उलट बाजूही पाहा. दुबईत रोहितच्या हातून सुटलेल्या जाकेर अलीने ६८ धावा केल्या. ५ बाद ३५ वरून त्याने आणि तौहिद हृदयने १५४ धावांची भागी केली, तरी भारताने तो सामना सहा गडी राखून जिंकला.

आणखी एक गोष्ट. १९९४ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या कौंटी सामन्यात डरहॅमचा यष्टिरक्षक ख्रिस स्कॉट याच्या हातून ब्रायन लाराचा झेल १८ धावांवर सुटला आणि लाराने नाबाद ५०१ धावांचा विश्वविक्रम केला. हा झेल सर्वांच्या स्मरणात आहे. पण जीवदान मिळाल्यावर पुढच्याच षटकात बाद झालेले फलंदाज कोणाला आठवतात? महाग पडलेले झेल तेवढे लक्षात राहतात, स्वस्तात निभावलेले विसरले जातात. त्यामुळे एका सुटलेल्या झेलाने सामना गेला, असे आपल्याला वाटते त्याहून फार कमी वेळा घडत असते. निवडक उदाहरणांवरून नियम काढू नये, हे विज्ञानातले तत्त्व येथेही लागू आहे.

करून पाहा

तुमचा प्रतिक्रिया-काल मोजायला ३० सेंटिमीटरची एक पट्टी पुरे. मित्राने ती उभी, शून्याची खूण खाली ठेवून धरावी. तुम्ही अंगठा आणि तर्जनी शून्याच्या दोन्ही बाजूंना, पट्टीला स्पर्श न करता ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी. तुम्ही ती चिमटीत पकडा. किती सेंटिमीटरवर पकडली ते पाहून खालील कोष्टकावरून काल काढा.

१० सेंमी : ०.१४ सेकंद
१५ सेंमी : ०.१७ सेकंद
२० सेंमी : ०.२० सेकंद
२५ सेंमी : ०.२३ सेकंद
३० सेंमी : ०.२५ सेकंद

दहा वेळा करून सरासरी घ्या. मग मित्राला “एक, दोन, तीन” म्हणून ‘तीन’ला पट्टी सोडायला सांगा. आकडा एकदम खाली येईल, कदाचित पट्टी हलण्याआधीच तुमची चिमूट मिटेल. सोलकरांच्या झेलाचे रहस्य ते हेच! त्यानंतर दोन मिनिटे थंड पाण्यात हात बुडवून प्रयोग पुन्हा करा आणि फरक पडतो का ते नोंदवा. मऊ हातांचा धडा शिकायचा असेल, तर पाण्याने भरलेला फुगा एकमेकांकडे फेकून झेला. ताठ हातात तो फुटेल, मागे जाणाऱ्या हातात टिकेल.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गाचा संघ खेळतो तेव्हा एका विद्यार्थ्याकडे वही द्यावी. प्रत्येक संधीची नोंद त्यात व्हावी : क्षेत्ररक्षक किती पावलांवर होता, चेंडू उंच आला की सपाट, डाव्या बाजूला की उजव्या, समोर सूर्य होता का, झेल घेतला की सुटला. महिन्याभराच्या नोंदी जमल्या, की कोणत्या जागचे झेल जास्त सुटतात ते दिसेल. ज्याच्या हातून जास्त सुटतात, त्याच्याकडेच कदाचित सर्वांत अवघड जागा दिलेली होती, असेही आढळेल. मग त्याला बांधावर पाठवायचे, की रोज पन्नास झेलांचा सराव द्यायचा, हे ओरड्यावरून न ठरवता वहीतल्या आकड्यांवरून ठरवावे.